समाजशास्त्र घेऊन शाळेत शिक्षक व्हायचे असेल तर : पदवीच्या विषयांची आखणी

बारावीनंतर कला शाखेत समाजशास्त्र घेऊन पुढे शाळेत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली गफलत विषयाच्या नावापासूनच सुरू होते. घरी, शाळेत, अगदी खासगी शिकवणीच्या पाटीवरही ‘समाजशास्त्र’ हा शब्द इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल या तिन्हींसाठी मिळून सर्रास वापरला जातो. विद्यापीठात मात्र त्याच नावाचा एक स्वतंत्र विषय आहे, आणि महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीपर्यंतच्या वेळापत्रकात त्याची स्वतंत्र तासिका कुठेही नाही. दहावीला सामाजिक शास्त्रांचे १०० गुण असतात. त्यांतले ४० इतिहास व राज्यशास्त्राचे, ४० भूगोलाचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. समाजशास्त्र स्वतंत्रपणे भेटते ते अकरावी-बारावीत, तेही ऐच्छिक विषय म्हणून. समाजशास्त्र शिकलेल्याला शाळेत जागाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. परंतु पदवीची आखणी महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावरून न करता, ज्या वर्गात उभे राहायचे आहे त्या वर्गापासून उलट दिशेने करावी लागते.

पहिली पायरी : वर्ग ठरवणे

सहावी ते आठवीला शिकवायचे असेल तर पदवी व शिक्षणशास्त्राच्या पदविका वा पदवीबरोबर शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. हा पेपर १५० गुणांचा असतो. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला ३०, दोन भाषांना प्रत्येकी ३० आणि सामाजिक शास्त्रे निवडणाऱ्यास त्या गटाचे ६० गुण, अशी त्याची विभागणी आहे. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, तर राखीव प्रवर्गांना ५५ टक्के गुण लागतात. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. आवश्यक आहे. अकरावी-बारावीला समाजशास्त्रच शिकवायचे असेल तर त्याच विषयातील एम.ए. किमान ५० टक्के गुणांनी आणि बी.एड., अशी दोन्ही पात्रता हवी.

कनिष्ठ महाविद्यालयातच जायचे आणि त्यासाठी एम.ए.पर्यंतची वाट पाहण्याची तयारी आहे, अशा विद्यार्थ्याने समाजशास्त्र मुख्य विषय म्हणून निःशंक घ्यावे. बाकीच्यांनी पुढचा भाग वाचल्याशिवाय प्रवेशअर्ज भरू नये.

दुसरी पायरी : जोडीचा विषय

पूर्वी पुणे विद्यापीठाच्या पद्धतीत ‘स्पेशल’ आणि ‘जनरल’ असे विषय असत, आणि विद्यार्थी ‘माझे सोशिऑलॉजी स्पेशल, हिस्टरी जनरल’ अशी स्वतःची ओळख करून देत. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यांची जागा मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडीचा विषय) यांनी घेतली आहे. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांतला एक मेजर व एक मायनर ठरवायचा असतो, तर काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच मेजर नोंदवावा लागतो. तुमच्या महाविद्यालयात यांपैकी काय आहे, हे कार्यालयात विचारण्यापेक्षा विभागप्रमुखांना विचारावे. कारण एखादा विषय माहितीपत्रकात असतो, पण तो शिकवणारे अध्यापक त्या वर्षी असतातच असे नाही.

शाळेच्या दृष्टीने समाजशास्त्राबरोबर इतिहास किंवा भूगोल यांपैकी एक असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्यशास्त्र चालते, पण ते तिसरे. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा मराठी साहित्य यांची समाजशास्त्राशी जोडी अभ्यासाला फार रंजक असते. शाळेतील सामाजिक शास्त्रांच्या जागेसाठी मात्र ती उपयोगी पडत नाही. अनुदानित शाळांच्या जाहिरातीत रिक्त पदापुढे बहुधा ‘इतिहास’, ‘भूगोल’ असे विषयाचे नाव लिहिलेले असते, आणि छाननी करणारा माणूस तुमच्या गुणपत्रकावर तेच नाव शोधतो.

केंद्रीय विद्यालयांचा नियम याहून कडक आहे, आणि तो उशिरा कळल्याने अनेकांचे नुकसान होते. तेथे सामाजिक अध्ययनाच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकासाठी इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या चारांपैकी कोणतेही दोन विषय पदवीला असावे लागतात, आणि त्यांतला एक इतिहास किंवा भूगोल असणे बंधनकारक असते. या यादीत समाजशास्त्र नाही. माझी एक विद्यार्थिनी समाजशास्त्रात महाविद्यालयात पहिली आली होती. तिने मानसशास्त्र जोडीला घेतले होते. बी.एड. होऊन, केंद्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन ती जाहिरात घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा त्या चार नावांच्या ओळीवर बोट ठेवून आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो. म्हणून सांगतो, समाजशास्त्र मेजर व इतिहास मायनर एवढ्याने हा नियम पूर्ण होत नाही, कारण चारांपैकी एकच विषय हाती राहतो. केंद्रीय विद्यालय हेच लक्ष्य असेल तर इतिहास किंवा भूगोल मेजर आणि राज्यशास्त्र वा अर्थशास्त्र मायनर घ्यावे, आणि समाजशास्त्र वाचनातून किंवा पुढे एम.ए.ला करावे. ते ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे मुक्त निवडीच्या विषयांत, बसवता येईल, या भरवशावरही राहू नये. ते विषय सर्वसाधारणपणे दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावे लागतात. अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी पायरी : शाळेची पुस्तके शेजारी मांडणे

पदवीच्या पहिल्या वर्षी, अभ्यासक्रम हातात पडला की, सहावी ते दहावीची इतिहास-नागरिकशास्त्राची आणि भूगोलाची पुस्तके मिळवावीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. एका वहीत डावीकडे शाळेच्या पुस्तकातील पाठ आणि उजवीकडे तुमच्या पदवीच्या पेपरमधील घटक, असे दोन रकाने आखावेत. हे काम दोन रविवारांचे आहे, आणि पुढच्या तीन वर्षांत विषयनिवडीचे जे जे प्रसंग येतील त्या प्रत्येक वेळी ही वही उपयोगी पडते.

डावा रकाना भरू लागलात की, स्वतंत्र तासिका नसलेला हा विषय शाळेत किती ठिकाणी शिरलेला आहे ते दिसते. सध्या चालू असलेल्या पुस्तकांत सहावीचे नागरिकशास्त्रच ‘आपले समाजजीवन’ आणि ‘समाजातील विविधता’ या पाठांनी सुरू होते. सातवीच्या इतिहासात शिवपूर्वकालीन महाराष्ट्राच्या निमित्ताने मौजा, कसबा, परगणा, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार येतात; हा ग्रामीण समाजशास्त्राचा गाभाच आहे. नववीच्या इतिहासात महिला व अन्य दुर्बल घटकांच्या सक्षमीकरणावर एक पाठ आहे आणि ‘बदलते जीवन’ या नावाचे दोन. दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक व राजकीय चळवळींवर स्वतंत्र प्रकरण आहे, तर इतिहासाच्या पहिल्या दोन प्रकरणांत मार्क्स, फुको, स्त्रीवादी इतिहासलेखन आणि वंचितांचा इतिहास हे विषय येतात, जे इतिहासाच्या पदवीधरालाही सहज पेलत नाहीत. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या लेखनाचा उल्लेख वर्गात आला, तर तो परीक्षेपुरता वर्षासह पाठ करून घ्यायचा की त्या काळातील विधवेचे घरातले स्थान काय होते ते समजावून सांगायचे, हा फरक समाजशास्त्र शिकलेल्या शिक्षकाच्या हातात असतो.

भूगोलाच्या पुस्तकांतील दुवे थोडे लपलेले असतात. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांची तुलना करतो. त्यात लोकसंख्या व मानवी वस्ती हे घटक आहेत. कोयना प्रकल्प शिकवताना जलविद्युत, धरणाची जागा आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप एवढे सांगून बहुतेक शिक्षक पुढे जातात. त्याच धरणाने ज्यांची गावे उठली त्यांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली आणि ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच धरणाच्या या दोन बाजू एका तासिकेत शेजारी ठेवता येणे, याला मी सामाजिक शास्त्रांचे अध्यापन म्हणतो.

चौथी पायरी : पेपरांची निवड

मेजरमधील सक्तीचे पेपर आपल्या हातात नसतात. समाजशास्त्राचा परिचय, भारतीय समाज, समाजशास्त्रीय विचारवंत आणि संशोधनपद्धती हे कुठल्या ना कुठल्या नावाने असतातच. निवड करता येते ती ऐच्छिक पेपरांत, आणि तेथे विद्यार्थी सहसा ‘स्कोअरिंग’ कोणता असे विचारतात. वर सांगितलेली वही उघडून पाहिली तर उत्तर वेगळे मिळेल. सामाजिक चळवळी, ग्रामीण व नागरी समाज, लिंगभाव, आदिवासी समाज आणि शिक्षणाचे समाजशास्त्र, या पाचांपैकी जे उपलब्ध असतील ते आधी घ्यावेत. गुन्हेगारीचे समाजशास्त्र किंवा उद्योगांचे समाजशास्त्र हे पेपर वाईट नाहीत, परंतु आठवीच्या वर्गात त्यांचा उपयोग फारसा पडत नाही. शिक्षणाचे समाजशास्त्र मात्र दिसले की सोडू नये. वर्गात कोण पुढच्या बाकावर बसतो, कोणाच्या घरची भाषा पुस्तकातल्या भाषेपेक्षा वेगळी आहे, शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांवर आलेल्या मुलाला खासगी शाळेत काय भोगावे लागते, या सगळ्याकडे पाहायला हा पेपर शिकवतो, पुढे बी.एड.लाही त्याचा आधार होतो.

विचारवंतांच्या पेपरविषयी एक सूचना. कॉम्त, दुरखाइम, वेबर यांच्या नावांबरोबर मुंबईची परंपराही नीट वाचावी. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पॅट्रिक गेडेस हे त्याचे पहिले प्रमुख आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला. इरावती कर्वे, मै. ना. श्रीनिवास आणि अ. र. देसाई हे तिघेही घुर्ये यांचे विद्यार्थी, आणि तिघांच्या वाटा तीन दिशांना गेल्या. श्रीनिवासांची संस्कृतीकरणाची, म्हणजे खालच्या मानलेल्या जातींनी वरच्या मानलेल्या जातींचे आचार उचलण्याची, संकल्पना परीक्षेसाठी व्याख्येत बंद करून ठेवू नये. आपल्या तालुक्यात एखाद्या समाजाने गेल्या दोन पिढ्यांत आडनाव, लग्नाचे विधी किंवा आहार बदलला असेल, तर तो बदल आणि ती संकल्पना एकमेकांना कुठे जुळतात व कुठे जुळत नाहीत हे दोन पानांत लिहून पाहावे. वर्गात उदाहरण द्यायचे झाले तर हीच दोन पाने कामाला येतात.

संशोधनपद्धतीच्या पेपरला विद्यार्थी घाबरतात, कारण त्यात टक्केवारी, सरासरी आणि नमुनानिवड येते. भावी शिक्षकाने तर याच पेपरला सर्वांत जास्त वेळ द्यावा. एक उदाहरण घेतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२२ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ९२९ झाल्या. आकडा वाढला, म्हणजे परिस्थिती सुधारली, असे कोणीही म्हणेल. पण शून्य ते सहा वर्षे या वयोगटापुरते पाहिले तर त्याच दहा वर्षांत हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३ वरून ८९४ वर आली, आणि बीड जिल्ह्यात ती ८०७ इतकी खाली गेली. एकाच जनगणनेतले दोन आकडे उलट दिशेने का गेले, हा प्रश्न नववीच्या वर्गाला घालून पाहा. मुले आधी ‘छपाईची चूक असेल’ म्हणतात. मग कोणीतरी एक मुलगी सोनोग्राफीचे नाव घेते आणि तासिका खरी तेथून सुरू होते. पदवीला असताना आकड्याची व्याख्या, वयोगट आणि काळ तपासण्याची सवय लागली नसेल, तर शिक्षक झाल्यावर असा प्रश्न सुचत नाही.

पाचवी पायरी : फील्ड प्रोजेक्ट

नव्या रचनेत पदवीच्या काळात फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा उपक्रम आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) असतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तास वर्गाध्यापन किंवा ३० तास प्रत्यक्ष काम, हे गणित लक्षात ठेवले तर दोन श्रेयांकांच्या प्रकल्पात ६० तास मिळतात. ६० तासांत ‘ग्रामीण महाराष्ट्रातील शिक्षणाच्या समस्या’ होत नाहीत. अशी शीर्षके दरवर्षी येतात आणि त्यांचे अहवाल इंटरनेटवरून उतरवलेले असतात. विषय एका शाळेपुरता, एका वस्तीपुरता, एका आठवडी बाजारापुरता घ्यावा. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर तुमच्या गावच्या शाळेतील किती मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, किती हंगामी वसतिगृहात वा आजीकडे राहतात आणि हंगाम संपल्यावर किती परत वर्गात येतात, एवढाच विषय ६० तासांना पुरून उरतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, हजेरीपटातील मुलांची नावे अहवालात लिहू नयेत, आणि मुलांशी बोलताना त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांना आधी विचारावे.

जातीविषयीचा प्रश्न प्रश्नावलीत घ्यायचा की नाही, यावर दरवर्षी वाद होतो. विषयाला आवश्यक असेल तर घ्यावा, पण तो शेवटी असावा, उत्तर न देण्याची मुभा स्पष्ट सांगितलेली असावी आणि तो इतरांसमोर कधीही विचारू नये. हे मी माझ्या चुकीतून शिकलो. बी.एड.च्या सरावपाठात मला सातवीला बलुतेदारी शिकवायची होती. फळ्यावर बारा बलुतेदारांची नावे लिहून मी मोठ्या उत्साहाने विचारले, ‘तुमच्यापैकी कोणाचे आजोबा-पणजोबा यांतले काम करत होते?’ तीन-चार हात वर आले. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा मात्र फळ्यावरच्या एका नावाकडे एकदा पाहून मान खाली घालून बसला, आणि त्याच्या शेजारच्याने त्याला कोपराने ढोसले. मागे बसलेल्या निरीक्षक प्राध्यापकांनी माझ्या पाठटाचणावर लाल शाईत एकच ओळ लिहिली : ‘प्रश्न कामाविषयी विचारा, मुलाविषयी नको.’ तोच पाठ आता मी वेगळ्या प्रकारे सांगतो. धान्याच्या राशीतून कोणाला किती वाटा मिळत असे, तो कोणी ठरवायचा, आणि काम सोडून गाव सोडता येत असे का, या प्रश्नांवर वर्गाने विचार करावा, आपापल्या घरावर नव्हे.

सत्रांचे वेळापत्रक

पहिल्या दोन सत्रांत वही तयार करावी आणि इतिहास वा भूगोलाचा पाया पक्का करावा. तिसऱ्या-चौथ्या सत्रात चळवळी, लिंगभाव किंवा ग्रामीण समाज यांचा पेपर आणि फील्ड प्रोजेक्ट एकत्र यावेत असे पाहावे, म्हणजे वाचन आणि भेटी एकमेकांना पूरक ठरतात. पाचव्या सत्रात बी.एड.च्या सामाईक प्रवेश परीक्षेची तयारी सुरू करावी. तिच्यात बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक-अभियोग्यता यांवर प्रश्न येतात, म्हणजे विषयज्ञानाची तेथे थेट परीक्षा नसते. बी.एड.च्या प्रवेशाला पदवीत किमान ५० टक्के गुण लागतात, म्हणून जोडीच्या विषयाकडे ‘फक्त पास व्हायचे’ म्हणून पाहू नये.

बी.एड. दोन वर्षांचे आहे. तेथे शालेय विषयांच्या अध्यापनपद्धती निवडताना समाजशास्त्राची पद्धती बहुतेक महाविद्यालयांत मिळत नाही; इतिहास व भूगोल, किंवा त्यांपैकी एक व मराठी, ही नेहमीची जोडी असते. पदवीला यांपैकी एकही विषय नसलेला विद्यार्थी येथे पहिल्यांदा अडतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यांपैकी १६ दुसऱ्या वर्षी. ही शाळा निवडायची संधी मिळाली तर घराजवळची घेऊ नये. आपल्याला अनोळखी असलेल्या वस्तीतली घ्यावी.

राज्यातील अनुदानित व जिल्हा परिषद शाळांतील भरती पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून होते आणि तिच्यासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, द्यावी लागते. २०० गुणांची ही चाचणी टीईटीहून वेगळी आहे; मराठीत दोन्हींचा उच्चार जवळजवळ सारखा असल्याने नवखे विद्यार्थी एकीचे पुस्तक घेऊन दुसरीची तयारी करताना मी पाहिले आहेत. शिवाय ती दरवर्षी होत नाही. पहिली २०१७ च्या अखेरीस झाली, तिच्यानंतरची २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. त्यामुळे बी.एड. संपल्यावर लगेच भरती निघेल असे गृहीत धरून कर्ज काढू नये, आणि मधल्या काळात एम.ए. करता येईल अशी सोय ठेवावी.

त्या एम.ए.चा विषय समाजशास्त्र की इतिहास, हा शेवटचा निर्णय पदवीच्या सहाव्या सत्रापर्यंत लांबवता येतो. समाजशास्त्राच्या जागा कनिष्ठ महाविद्यालयांपुरत्या आणि तेथेही थोड्या असतात. बऱ्याच ठिकाणी एकाच शिक्षकाला दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर जावे लागते. तरीही कोणी मनापासून समाजशास्त्रच निवडत असेल, तर त्याला मी अडवत नाही. एवढेच सांगतो की, जवळच्या चार-पाच कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन अकरावीला हा विषय किती तुकड्यांना आहे आणि शिकवणारे शिक्षक कधी निवृत्त होणार आहेत, हे स्वतः विचारून यावे.